कदाचित सोबत

बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या जिन्याला लागून, ध्वनिकक्ष नावाची एक खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, एक जुने यंत्र आणि खालच्या दालनात पाहण्यासाठी काचेची अरुंद खिडकी, एवढेच तिच्यातले सामान. खिडकीतून प्रवासी दिसतात, पण त्यांचे बोलणे वर पोहोचत नाही. ऐकू येतो तो फक्त यंत्राने खाली पाठवलेला आवाज, आणि तोही समोरच्या भिंतीवर आपटून परतलेला. तो आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा होता. ताई मागच्या थंडीत गेली. आवाज मात्र कामावर रुजू होता.

घोषणांची ती यंत्रणा मी बांधली होती, त्यामुळे तिची रचना थोडक्यात सांगणे मला भाग आहे. घोषणा हे सलग वाक्य नसते. ती तुकड्यांची असते: आधी लक्ष वेधणारा स्वर, मग बसचा क्रमांक, गावाचे नाव, उशिराची मिनिटे आणि शेवटी क्षमायाचना. प्रोग्रॅममध्ये अशा बांधणीला ट्यूपल म्हणतात. नवख्यांना समजावताना मी खणांच्या पेटीचे उदाहरण देत असे. पेटी बनवतानाच ठरवून टाकायचे की कोणत्या खणात कोणत्या जातीची वस्तू बसेल. क्रमांकाच्या खणात गाव जाणार नाही, गावाच्या खणात मिनिटे जाणार नाहीत, आणि पेटी एकदा तयार झाली की तिला आणखी खण जोडता येणार नाही. या जातीला प्रकार म्हणतात. खणात काय आहे हा एक प्रश्न, आणि खणाचा प्रकार काय हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर पेटी पूर्ण रिकामी असतानाही मिळते.

बसला किती उशीर होईल हे पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून ज्या खणात काही नसले तरी चालेल, त्याच्या प्रकाराआधी मी 'कदाचित' हा शब्द लावला होता. कदाचित मिनिटे. ताईला ही कल्पना फार आवडली होती.

"सगळ्यांनाच लाव की," ती म्हणाली होती. "कदाचित बस. कदाचित गाव. लोकांना खरं तरी कळेल, पट्टी."

पट्टी म्हणजे मी. तंत्रनिकेतनात शिकत असताना माझ्या खिशात कायम फूटपट्टी असे. तेव्हा तिने ठेवलेले ते नाव माझे केस पांढरे झाले तरी बदलले नाही.

तिच्या आवाजातले तुकडे आम्ही याच खोलीत, खिडकीला जाड कांबळी लावून ध्वनिमुद्रित केले होते. क्रमांक, गावे, फलाट हे सारे तिने कुरकुर न करता म्हटले. अडली ती क्षमायाचनेपाशी. 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

"इथं मी एकटी बसलेय," ती म्हणाली. "आणि आम्ही काय म्हणायचं?"

"संस्था बोलतेय, ताई."

"संस्थेला घसा नसतो रे. खवखवतोय तो माझा."

शेवटी तिने ते वाक्य म्हटले. एवढ्या मोठ्या संग्रहात तिने स्वतःविषयी उच्चारलेला शब्द 'आम्ही' हा एकच. बाकी सगळे बसविषयी होते.

आम्ही दोघांनीही लग्न केले नाही. का केले नाही, हे लोकांनी विचारणे सोडून दिल्यालाही बराच काळ लोटला होता. दोन खोल्यांचे घर, दोन खुर्च्या, आणि एकमेकांच्या चुका काढण्यात जाणारी संध्याकाळ. ती गेल्यावर मी दुपारच्या वेळी स्थानकाच्या दालनात जाऊन बसू लागलो. चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंनी सुरुवातीला विचारले, "काका, कुठली बस?" मी वर कर्ण्याकडे पाहिले. त्या ताईला ओळखत होत्या. त्यानंतर त्यांनी कधी विचारले नाही. फक्त गर्दी असली की माझ्या बाकावर कुणी सामान ठेवू लागले तर काचेवर टिचकी मारून ते हलवायला लावत.

अशाच एका दुपारी स्थानकप्रमुख येऊन माझ्याशेजारी बसले. भला माणूस, पण घाई त्यांच्या बोलण्यात मुरलेली.

"काका, नवीन यंत्र येतंय. त्यात आवाज आयताच असतो. कुणाला बोलवायला नको, की मुद्रणाची कटकट नको. जुन्यातलं काय ते तुम्ही मोकळं करून द्या, मग डिस्क पुसून टाकू."

"ताईचे तुकडे मला मिळतील?"

"निघतील तेवढे सगळे तुमचे. पण नवीन माणसं आली की दुसऱ्या मिनिटाला पुसणार. मला थांबवता येणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

'निघतील तेवढे' हे ते सहज बोलून गेले, पण अडचण तिथेच होती. त्या संग्रहातून तुकडा असा उचलून घेता येत नसे. कुणी भलताच तुकडा भलत्या जागी लावू नये म्हणून मीच तशी व्यवस्था केली होती: घोषणेच्या प्रत्येक खणाचा प्रकार अचूक सांगणाऱ्यालाच ती मिळे. एक जरी खण सांगायचा राहिला, तरी संग्रह काहीच देत नसे. आणि यंत्रणेत मधल्या काळात इतके फेरबदल झाले होते की साऱ्या पेट्या मला पाठ नव्हत्या. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याने प्रत्येक ट्यूपलला विचारायचे: तुझे खण किती, आणि प्रत्येकाचा प्रकार काय?

काम सुरळीत चालले. आगमनाची घोषणा, प्रस्थानाची, फलाट बदलल्याची. प्रकार छापले जात, ते मी यंत्रणेच्या मूळ प्रोग्रॅमच्या मजकुराशी ताडून पाही, तुकडे मागून घेई आणि पुढे जाई. ताई खोलीत नसली तरी खालच्या दालनात बोलत होती, त्यामुळे एकटे वाटत नव्हते असे म्हटले तर खोटे ठरेल. पण हाताला काम होते.

उशिराच्या घोषणेला प्रोग्रॅमने उत्तर दिले: स्वर, क्रमांक, गाव, कदाचित मिनिटे, क्षमायाचना, कदाचित सोबत.

मी मूळ मजकूर उघडला. तिथे पाच खण होते. 'सोबत' नावाचा प्रकार मी कधीही घडवला नव्हता. साऱ्या यंत्रणेत शोध घेतला तेव्हा तो शब्द कुठेच आढळला नाही. जुन्या बांधणीचे अवशेष राहिले असावेत असे मानून मी ते सर्व काढले आणि प्रोग्रॅम नव्याने बांधला. पुन्हा सहा. मग मी अट घातली: खण पाच नसतील तर प्रोग्रॅमची बांधणीच होऊ नये. बांधणी विनातक्रार झाली. तेव्हा मी उलट अट घातली: सहा नसतील तर होऊ नये. तीही तितक्याच विनातक्रार झाली.

दोन्ही अटी एकत्र ठेवल्या. यंत्राने दोन्ही मान्य केल्या.

स्थानकप्रमुखांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. "तुम्ही प्रोग्रॅमवाले शून्यापासून मोजता ना, काका? मग एखादा इकडचा तिकडे होणारच."

मी त्यांना विरोध केला नाही. जे यंत्र एकाच वेळी पाच आणि सहाला होकार देते, ते बिघडले आहे, एवढाच निष्कर्ष त्यातून निघत होता, आणि तो काढून मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दालनातून वर जात असताना चौकशीच्या बाईंनी मला काचेतून खुणावले.

"काका, तुम्ही ताईंच्या घोषणेत काही बदललंय का?"

"नाही. का?"

"उशिराची घोषणा झाली ना, की कर्णा लगेच बंद होत नाही. आधी कसं, दिलगीर आहोत म्हटलं की टक्‌ करून बंद. आता तसाच चालू राहतो. लोक मान वर करून उभे राहतात, ताई अजून काही सांगणार आहेत असं वाटून. मीही हातातलं काम टाकून ऐकत बसते."

"आणि?"

"आणि काही नाही. बंद होतो." त्यांनी पेन उचलले आणि पुन्हा ठेवले. "कुणीतरी बसलेल्या खोलीचा आवाज येतो. म्हणजे कसलाच आवाज नाही, पण रिकाम्या खोलीचा नाही."

मी दालनातच थांबलो. थोड्या वेळाने एका बसला उशीर झाल्याचे ताईने सांगितले. क्षमायाचना झाली. कर्णा उघडाच राहिला. बाकांवरची माणसे वर पाहू लागली, एका बाईने रडणाऱ्या मुलाला गप्प केले. त्या शांततेत कुणीतरी श्वास आत घेतला. ताईचे सारे श्वास मी मुद्रणातून कापून टाकले होते. घोषणेत श्वास ऐकू येऊ नये हा माझा आग्रह. हा श्वास तिचा होता, बोलण्याआधीचा, किंचित घोगरा. मग कर्णा बंद झाला आणि माणसे एकमेकांकडे न पाहता पुन्हा सामानात डोके घालून बसली.

वर येऊन मी प्रोग्रॅम चालवला. आता तो जास्तीचा खण साऱ्या घोषणांना होता. ज्यात नुसता लक्ष वेधणारा स्वर होता, त्या एका खणाच्या पेटीलाही शेजारी दुसरा खण आला होता. आणि उशिराच्या घोषणेत एक लहानसा बदल होता. 'कदाचित' गेले होते. तिथे फक्त 'सोबत' उरले होते.

ज्यांना या कामाची सवय नाही त्यांना त्या एका शब्दाचे महत्त्व वाटणार नाही. 'कदाचित' असेतो खण रिकामा असू शकतो. ते गेले म्हणजे आता त्यात काहीतरी असलेच पाहिजे.

एखादा प्रकार कशाचा बनला आहे, हेही विचारता येते. मी 'सोबत'ला तोच प्रश्न केला. उत्तर आले: दोन खण. आवाज, आवाज.

एक आवाज ताईचा असणार, हे मी गृहीत धरले. दुसऱ्याचे मला काहीच ठरवता येईना. या खोलीत आम्ही दुसऱ्या कुणाचे मुद्रण केलेच नव्हते.

नवीन यंत्राची माणसे दुपारी येणार होती. स्थानकप्रमुख दोनदा दारात डोकावून गेले.

"झालं का काका?"

"एक राहिलंय."

"एखादं राहिलं तर राहू द्या हो. एवढी ढीगभर गावं घेतलीत की."

गावे मला नको होती, हे त्यांना कसे सांगणार? मला ते एक 'आम्ही' हवे होते. ते उशिराच्या घोषणेत होते, आणि ती घोषणा सहाव्या खणाचे नाव घेतल्याशिवाय मिळणार नव्हती. मी पाच प्रकार सांगून पाहिले. संग्रहाने नकार दिला. सहावा 'कदाचित सोबत' असा लिहिला. नकार.

बाहेर जिन्यावर पावले वाजली, खोकी ठेवल्याचा आवाज आला.

मी 'सोबत' असे लिहिले, आधी कोणताही शब्द न लावता. आयुष्यात मी न घडवलेल्या प्रकाराचे नाव असे पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने टंकत होतो. संग्रहाने घोषणा तत्काळ दिली. ती मी घरून आणलेल्या छोट्या यंत्रात उतरली तोच दार उघडले आणि माणसे आत आली. नमस्कार वगैरे झाला. त्यांनी डिस्क पुसायला घेतली तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो. खालच्या दालनात ताई एका गावाचे नाव घेत होती. ते नाव पूर्ण झाले, पुढचे झाले नाही.

काही वेळाने नवा आवाज सुरू झाला. स्वच्छ, नितळ, तरुण. चौकशीच्या बाईंनी वर माझ्या खिडकीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

घरी पोहोचलो तेव्हा उन्हे अजून कलली नव्हती. मी दार उघडले, चपला काढल्या, पाणी प्यायलो. ताईच्या खुर्चीवर साठलेली वर्तमानपत्रे उचलून पलंगावर ठेवली आणि यंत्र टेबलावर ठेवून तिच्या खुर्चीसमोर माझ्या खुर्चीत बसलो. घोषणा सुरू केली.

स्वर. क्रमांक. गाव. मिनिटे. 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

डोळे मिटून मी ते ऐकले. मग सहावा खण सुरू झाला.

आधी फक्त खोली होती. पंखा फिरताना एका जागी अडखळत होता. दूर कुठे पाण्याची मोटर सुरू झाली. रस्त्यावरून जड गाडी गेली आणि फळीवरची भांडी किणकिणली. हे आवाज ओळखायला मला वेळ लागला, कारण मी ते रोज ऐकत होतो. माझा पंखा बंद होता.

"दार लावलंस का रे, पट्टी?"

"लावलं."

"नुसतं ढकललं असशील. कडी घाल."

"घालतो ग. आधी बसू तरी दे."

दुसरा आवाज पुरुषाचा होता, वयस्क, शांत. तो कुणाचा हे मला कळले नाही. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय कुणालाच नसते. खुर्ची सरकली, पेला टेबलावर टेकला.

"स्थानकावर आज नवीन बाई बोलत होती. ऐकलंस?"

"ऐकलं."

"शब्द सगळे नीट. पण दम कुठं घेते तेच कळत नाही बाई. जगते कशी कोण जाणे."

तो पुरुष हसला. हसताना त्याने शेवटी नाकातून हलकेच श्वास सोडला, आणि मी त्याला ओळखले.

मी यंत्राकडे पाहिले. नवा आवाज सुरू होण्याआधी हे तिथे उतरले होते.

ती दोघे बोलत राहिली. चष्म्याच्या काडीविषयी, कुठेतरी येणाऱ्या कुबट वासाविषयी, मी पेला नेहमी टेबलाच्या कडेला ठेवतो त्याविषयी. ताई चुका काढत होती आणि तो मुकाट्याने ऐकत होता. त्यात काहीही विशेष नव्हते. त्या थंडीपासून या घरात कुणी असे बोलले नव्हते.

मला राहवले नाही.

"ताई," मी म्हणालो.

बोलणे थांबले.

पंख्याचा तो अडखळणारा आवाज तेवढा येत होता.

"ताई, मी आहे ना," मी म्हणालो. "आपण दोघंच आहोत ना?"

खुर्ची मागे सरकली. पावले सावकाश जवळ आली, अगदी जवळ, आणि थांबली. माझा स्वतःचा आवाज, अनोळखी माणसासाठी दार अर्धेच उघडताना मी वापरतो त्या अदबीने, म्हणाला:

"आपण कोण?"

आतून ताईने विचारले, "कोण आहे रे?"

"कुणी नाही, ताई."

मग कडी लागली.